कात्री न लावताही वाकळ होते

सांगलीच्या गावभागातून एका ६६ वर्षांच्या गृहस्थांचं पत्र आलं आहे. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर त्यांनी ३६ वर्षं दिवाणजी म्हणून काम केलं. पावणेदोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी गेल्या. कपाटात त्यांच्या ३१ साड्या तशाच आहेत. त्यातल्या काही ऑगस्ट २०१९ च्या महापुरात भिजल्या होत्या. पत्नीने त्या आठ दिवस गच्चीवर धुतल्या, वाळवल्या, तरी दोन-तीन साड्यांवर गाळाची पिवळट रेघ राहिलीच. लेक बंगळूरला असते, तिला सातवा महिना आहे. आई नाही म्हणून बाळंतपण तिकडेच करायचं तिने ठरवलं आहे. यांच्या मनात आलं, आईच्या साड्यांची एक वाकळ, म्हणजे गोधडी, स्वतःच्या हाताने शिवून लेकीच्या बाळासाठी पाठवावी. फोनवर विषय काढला तर लेक म्हणाली, "बाबा, आईच्या साड्या कापू नका." थोरली बहीण म्हणते, गेलेल्या माणसाचं पांघरू नये. मुलगा म्हणतो, एवढी हौस असेल तर टेलरला द्या, तुम्ही कुठे सुई घेऊन बसता, लोक हसतील. पत्रात एका हिरव्या साडीचाही उल्लेख आहे, ती कुठून घेतली ते काही केल्या त्यांना आठवत नाही. शेवटी ते लिहितात, "तिची आई असती तर सगळं रीतसर झालं असतं. मला ते जमणार नाही. निदान एवढं तरी करावं असं वाटतं. शिवू का नको, ताई?"

नमस्कार दादा,

शिवा. हे आधीच सांगून टाकते, कारण बाकीचं लिहायला मला वेळ लागणार आहे आणि तोवर तुम्ही उगाच घोर लावून घ्याल.

आधी कात्रीचं बोलू. लेकीच्या त्या एका वाक्याने तुम्ही थांबलात. पण ती "कापू नका" म्हणाली, "नको" म्हणाली नाही. वाकळ शिवायची म्हणजे साड्यांचे तुकडे करायचे, हे तुम्ही दोघांनीही धरून चालला आहात. हल्ली दुकानांत दिसतात त्या रंगीत चौकोनांच्या गोधड्या बघून तसंच वाटतं. आपल्या सातारा-सांगलीकडच्या घरातली वाकळ आठवून बघा. माझी आजी वाकळ घालायला बसायची तेव्हा कात्री फक्त दोरा तोडायला लागायची, तीही नाही सापडली तर दात होतेच. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. त्याची लांबीत चौघडी घातली की जवळजवळ पावणेसात फूट लांबीचं, चार पदरी पांघरूण आयतं तयार. कडेने आणि मधून धावदोरा घातला की झाली वाकळ. लुगडं अख्खंच्या अख्खं आत असतं. पदर एका टोकाला, काठ दोन्ही बाजूंनी.

तुमच्या पत्नी पाचवारी नेसत असतील. ती साडी साधारण साडेपाच मीटर भरते. तिच्या तीन घड्या घाला. सहा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असं तीन पदरी पांघरूण होतं. एका माणसाला पुरतं, आणि बंगळूरच्या हवेला जाड वाकळ लागतही नाही. कात्री कुठेच नाही. उद्या लेकीला वाटलं की आईची ही साडी एकदा नेसावी, तर दोन दुपारी बसून धावदोरा उसवायचा, साडी मोकळी. सुती कापडावरची सुईची भोकं एक-दोन धुण्यांत बरीचशी मिटून जातात. हे तिला फोनवर सांगून बघा, एवढ्यानेच तिचा सूर बदलेल असं मला वाटतं.

आता वाकळ कोणासाठी, ते. तुम्ही बाळासाठी म्हणता. मला वाटतं ती लेकीसाठी शिवावी. बाळाने आजीला पाहिलेलंच नाही. त्या साडीच्या निऱ्यांत तोंड लपवून जी उभी राहिली असेल, पदराला हात पुसले म्हणून जिने ओरडा खाल्ला असेल, ती तुमची लेक आहे. रात्री दोन वाजता बाळाला पाजायला उठेल तेव्हा पाठीवरून काय ओढून घ्यायचं, हा प्रश्न तिला पडणार आहे. शिवाय एक साधी, व्यवहाराची गोष्टही आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना सुटं, जड पांघरूण घालू नये, आणि त्याच्या अंथरुणातही ते ठेवू नये, तोंडावर येऊन श्वास अडण्याची भीती असते. बाळ जागं असताना, मोठं माणूस शेजारी बसलेलं असताना खाली अंथरायला वाकळीसारखी दुसरी चीज नाही. पण पहिलं वर्षभर ती आईची असू द्या. पुढे पोर आपण होऊन तीच ओढून घेईल, ते कोणाला थांबवता येत नाही.

बाळासाठी काही हवंच असेल तर एक दुपटं करा, मीटरभर लांब, मीटरभर रुंद. त्याला मात्र कापड कापावं लागेल. जी साडी आधीच कुठेतरी फाटली आहे तिचा मऊ भाग घ्या आणि दोन पदरी ठेवा. टिकल्या, आरसे, बटणं, गोंडे काही लावू नका, पोरं तोंडात घालतात.

तुमच्या बहिणीचं म्हणणं उडवून लावू नका. प्रत्येक घरची रीत निराळी असते. काही घरांत दिवस झाले की गेलेल्या माणसाचे कपडे देऊन टाकतात, काही घरांत तेच कपडे लेकी-सुना वर्षानुवर्षं वापरतात. अमुकच रीत खरी, असं मी म्हणणार नाही. तुमच्या बहिणीला मात्र एक आठवण करून द्या. जन्मलेल्या पोराला आपण पहिल्यांदा कशात गुंडाळतो? नव्या कोऱ्या कापडात कोणी गुंडाळत नाही. शंभर वेळा धुतलेलं, अंगाला न टोचणारं जुनं सुती शोधतो आणि घरात ते बहुतेक वेळा आजीचंच निघतं. आजी हयात असताना ते चालतं आणि नंतर चालत नाही, याचं कारण त्यांना विचारा. खरंच विचारा, वाद घालायला म्हणून नको. कदाचित त्यांना भीती साड्यांची नसेलच, तुमची असेल. तुम्ही ते कपाट उघडून दिवसभर बसाल, जेवण टाळाल, याची.

आणि त्यांनाच कामाला लावा. सत्तरीच्या पुढच्या आपल्याकडच्या बाईला वाकळ येत नाही असं सहसा होत नाही. "अक्का, पहिली ओळ तू घालून दे, मग मी बघतो," एवढं म्हणा. विरोध करणारं माणूस एकदा सुई हातात घेऊन बसलं की चुका काढायला लागतं, आणि चुका काढायला लागलं की ते आपल्या बाजूला आलेलं असतं.

टेलरचं मी तुम्हाला माझ्या घरातलं सांगते. साताऱ्यात आमच्याकडे आजोबांची धोतरं होती. पूर्वी धोबी कपडे ओळखता यावेत म्हणून बिब्ब्याच्या रसाने कोपऱ्यात खूण करायचा. ती काळी खूण कितीही धुतली तरी जायची नाही. आजोबांची खूण म्हणजे दोन उभ्या रेघा आणि एक टिंब. वडील गेल्यावर आईसाठी त्या धोतरांची पांघरायची दोहर करावी म्हणून मी ती एकाकडे शिवायला दिली. काम सुबक झालं, शिलाई एकसारखी, कडा सरळ. आईने हातात घेऊन चारही कोपरे उलटून पाहिले आणि काही बोलली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "खूण कुठाय?" शिवणाऱ्याने डाग समजून चारही धोतरांचे ते कोपरे कापून टाकले होते. त्याचा काही दोष नव्हता. ती खूण ठेवायची, हे त्याला मी सांगितलंच नव्हतं. मला ते सुचलंच नव्हतं.

म्हणून तुमच्या त्या पिवळट रेघेबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. पत्रात तुम्ही लिहिलंय की पुरातल्या साड्या 'बाद' आहेत, चांगल्यांतलीच एखादी घेईन. दादा, असं करू नका. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी तिथे ४५ फुटांची आहे, म्हणजे त्याच्याही वर बारा फूट. पाणी उतरल्यावर सांगलीत गच्च्यांवर, कठड्यांवर, विजेच्या खांबांना दोऱ्या बांधून नुसते कपडे वाळत होते. मी त्या दिवसांत तिथे आले होते. गाळाचा तो आंबूस वास आणि त्यात साबणाचा वास, दोन्ही एकदम यायचे. तुमच्या पत्नीने त्यातल्या साड्या फेकल्या नाहीत. आठ दिवस धुतल्या. आणि तुम्हीच लिहिलंय की नंतर त्या नेसायच्याही. तिने जे ठेवलं ते तुम्ही बाद कसं ठरवता? वाकळ करायची तर रेघ असलेली साडीच घ्या आणि रेघ वरच्या बाजूला, दिसेल अशी ठेवा. लेकीला ती कशाची आहे हे सांगावं लागणार नाही.

फक्त कापडात जीव आहे का ते बघून घ्या. साडी उजेडाकडे धरा. मग वीतभर जागा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ताणा, आधी उभं, मग आडवं. ताणल्यावर चर्र असा बारीक आवाज आला किंवा धागे सरकून जाळी दिसली, तर ती साडी वरच्या पदराला चालणार नाही. तिला आतला पदर करा आणि टाके जवळजवळ घाला. जुन्या वाकळीत असंच असतं, झिजलेलं आत, धडकं वर. बुरशीचे काळे ठिपके दिसले किंवा कुबट वास आला तर आधी गरम पाणी आणि साबणाने धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात उलटून-पालटून वाळवा. नीट वाळल्याशिवाय शिवायला घेऊ नका, आत ओल राहिली तर वाकळ आतूनच खराब होते.

रंगाचं एक. सांगलीकडच्या कपाटात इरकल असणारच, अंग सुती, पदर तांबडा. ओल्या पांढऱ्या फडक्याने काठ आणि पदर चोळून पाहा. फडक्याला रंग लागला तर ती साडी फिक्या साडीबरोबर एका वाकळीत घालू नका. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सगळ्याजणी सांगतात. मीही तसंच केलं होतं आणि पहिल्याच धुण्यात आतलं पांढरं धोतर गुलाबी होऊन बसलं. एकदा सुटायला लागलेला रंग मिठाने बसत नाही.

रेशमी साड्यांना हातच लावू नका. रेशीम घडीवर चिरतं, जर अंगाला टोचते, आणि वाकळ ही धुवायची चीज आहे. त्या चार साड्या जुन्या, स्वच्छ धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून टाका, त्यात दमट होतात. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. त्यापेक्षा लवंगांची किंवा वाळल्या कडुलिंबाची पुरचुंडी बरी. तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या जागी घाला. पॉलिस्टरच्या साड्या वाकळीला चालत नाहीत, घाम शोषत नाहीत आणि सुतीवर सरकतात. त्या कोणाला नेसायला द्यायच्या असतील तर खुशाल द्या.

ज्यांना काहीतरी कापूनच शिवायचं आहे, त्यांना मी नेहमी झंपर घ्यायला सांगते. साडी दुसऱ्या बाईला नेसता येते, झंपर दुसऱ्या कोणाला होत नाही. तो त्या एका माणसाच्या मापाचा असतो आणि कपाटात तसाच पडून राहतो. हूक काढून, शिवणी उसवून त्याच्या पाठीच्या भागातून उशीचा अभ्रा, बटवा, रोजची पोथी बांधायचं बासन, असं बरंच होतं. वडिलांच्या सदऱ्यांचंही तसंच. सदरा उसवताना खिसा मात्र उसवू नका. खिशासकट तुकडा घ्या.

आणि घरातली एक साडी न धुता ठेवा. जी त्यांनी शेवटची नेसून घडी घालून ठेवली असेल ती. वास हळूहळू जातोच. पण आपण आपल्या हाताने तो पाण्यात सोडू नये.

हसण्याचं म्हणाल तर माझे मामा फौजेत होते. आमच्या साताऱ्याकडे प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी फौजेत असतंच. सुट्टीवर आले की ट्रंकेतून सुई-दोऱ्याची पुडी काढून स्वतःची बटणं लावायचे, मोज्यांना रफू करायचे, आणि मामीला हात लावू द्यायचे नाहीत. त्यांना कोणी हसलेलं मला आठवत नाही. पेठेतल्या शिंप्याच्या दुकानात मशीनवर पुरुषच बसतो, गाद्या भरणारा पुरुषच असतो, नामदेव महाराज शिंप्याच्याच घरातले. सुई बायकांची कधी झाली ते मला ठाऊक नाही. मुलाला हे सांगायची गरजही नाही. चार दिवस तुम्ही बसलेले दिसलात की तो आपणहून दोरा ओवून द्यायला येईल, तुमचा चष्मा लागत नाही म्हणून.

आता प्रत्यक्ष काम. एका वाकळीला किती टाके लागतात याचा हिशेब मी तुमच्यासाठी मुद्दाम करून ठेवला, दिवाणजींना आकडे आवडतील म्हणून. सहा फूट बाय पावणेचार फूट, दोन ओळींत एक इंच अंतर, म्हणजे एकूण साधारण २७० फूट धावदोरा. नवख्या हाताला एका फुटाला आठ-दहा मिनिटं लागतात. चाळीस तासांचं काम. रोज एक तास बसलात तर दीड महिना. सातवा महिना चालू आहे म्हणजे वेळ बेताचा आहे, पण पुरेल. रोजचा तास ठरवून घ्या, सकाळचा, खिडकीपाशी. रात्री दिव्याखाली बसू नका.

आधी आठवडाभर तुमच्याच एखाद्या जुन्या लुंगीची घडी घालून त्यावर हात बसवा. गोधडीची लांब सुई मागा, दुकानदाराला कळतं. दाभण घेऊ नका, ते पोत्याला. दोरा जाड सुती. प्रत्येक वेळी तो मेणबत्तीवरून एकदा ओढून घ्या, म्हणजे गुंतत नाही. मधल्या बोटाला अंगुस्तान घाला, तीन पदरांतून सुई ढकलताना बोट सोलून निघतं.

साडी जमिनीवर अंथरा, पलंगावर नको. तीन घड्या घालताना प्रत्येक पदर हाताने मधून बाहेरच्या बाजूला सारत न्या, चुणी राहिली तर ती आत कायमची राहते. चार कोपऱ्यांवर डाळ-तांदळाचे डबे ठेवा. मग मधून कडेकडे जाणारा कच्चा टाका घाला, वीत वीत अंतराने, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने, म्हणजे नंतर काढताना दिसेल. हे एक दिवसाचं काम आहे आणि त्यात बहिणीची मदत घ्या, एकट्याने पदर सरकतात.

त्यानंतर पक्का धावदोरा. कडेने सुरुवात करायची, चारही बाजूंनी फेरी मारून बोटभर आत यायचं, पुन्हा फेरी. अशा फेऱ्या मारत मध्यापर्यंत. गाठ वर दिसू देऊ नका, दोन पदरांच्या मधे दडवा. इंचात तीन टाके पडले तरी पुष्कळ. वाकडे पडतील. पडू द्या. पहिल्या फेरीतले टाके आणि शेवटच्या फेरीतले टाके निराळे दिसतील, ते उसवून सारखे करत बसू नका. तुम्ही दीड महिन्यात कसे शिकत गेलात ते लेकीला त्यावरून बोट फिरवून कळेल. मशीनची शिलाई घट्ट आणि दाट असते. मऊ झालेल्या जुन्या कापडाला ती ओळीवर कापत जाते, म्हणूनही हाताचा टाका बरा.

धुताना भिजवून ठेवू नये, ओली वाकळ फार जड होते आणि एका कोपऱ्याला धरून उचलली तर टाके तुटतात. दोघांनी दोन बाजूंनी उचलायची. घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळा घेऊन आम्ही माहुलीला नदीवर जायचो, तेव्हा एक वाकळ पिळायला आई आणि मावशी दोन टोकांना उभ्या राहायच्या आणि आम्ही पोरं मधे हात लावायचो. तीच कृष्णा पुढे तुमच्याकडे येते. लेकीला एवढंच सांगा की मशीनमध्ये टाकायची वेळ आली तर जाळीच्या पिशवीत, गार पाण्यात, पिळण्याचा वेग कमी ठेवून.

आता त्या वाक्याकडे येते. "तिची आई असती तर सगळं रीतसर झालं असतं." पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी इथे थांबले. बाळंतपण माहेरी व्हायचं, ते होत नाहीये, ही तुमची खरी बोच आहे, आणि तिची भरपाई म्हणून तुम्ही २७० फूट टाके घालायला निघाला आहात. वाकळ ते ओझं उचलू शकणार नाही, दादा. आणि पार्सल उघडल्यावर लेकीला त्यात बापाचा अपराध दिसला, तर ती वाकळ ती पांघरणार नाही, जपून कपाटात ठेवेल.

लेकीने बाळंतपण तिकडे करायचं का ठरवलं, हे तुम्ही तिला विचारलंय का? आई नाही म्हणून, असं तुम्ही लिहिता. ते तिचे शब्द आहेत की तुमचा अंदाज? तिची डॉक्टर तिथली असेल, नोकरीची रजा असेल, नवऱ्याला जवळ राहायचं असेल. किंवा बाबांना झेपणार नाही म्हणून ती तुम्हाला सांभाळत असेल. यातलं शेवटचं खरं असलं तर तुमच्या हातात बरंच काही आहे. वाकळ पार्सलने पाठवू नका. घेऊन जा. महिनाभर राहा. अळीव, डिंक, खारका सांगलीहून घेऊन जा. बाळाचे लंगोट दोरीवर घालायला, पहाटे पाणी तापवायला, बाळाला मांडीवर घेऊन लेकीला दोन तास झोपू द्यायला बाईच लागते असं नाही. तेल लावणारी बाई तिकडेही मिळते. "मी येऊ का महिनाभर?" एवढं स्पष्ट विचारा. ती नको म्हणाली तर नको. पण तिला न विचारता, आपल्याला जमणार नाही असं तुम्ही ठरवून टाकू नका.

हे तिच्याशी बोलायचं कसं, असं मनात येईल. बाप-लेकीत असलं बोलणं सरळ होत नाही, मला माहीत आहे. म्हणून एक सुचवते. तुमच्या हातात छत्तीस वर्षं वही होती. एक कोरी वही घ्या आणि साड्यांची नोंद करा, अगदी खतावणीसारखी. अनुक्रम, रंग, काठ, कधी घेतली, कुठे घेतली, कोणत्या प्रसंगाला, आता स्थिती काय, पुढे काय करायचं. ३१ ओळी होतील. रोज तीन-चार साड्यांपुरतंच कपाट उघडा, नोंद झाली की बंद करा. सगळं एकाच दिवशी बाहेर काढू नका, ते सोसत नाही. मी आईच्या वेळी एका दुपारी सगळं पलंगावर ओतलं होतं आणि संध्याकाळी तसंच्या तसं कोंबून ठेवलं, पुढे वर्षभर ते कपाट उघडलं नाही.

पुष्कळ रकाने रिकामे राहतील. पुरुषांना साड्यांचं फारसं आठवत नाही, त्यात वाईट वाटून घेऊ नका. ते रकाने लेकीला विचारून भरा. एका फोनमध्ये एकच साडी. कोणत्या साडीची वाकळ करायची ते तिलाच सांगू द्या, तिचं उत्तर तुमच्या अंदाजाहून वेगळं असण्याची शक्यता आहे. चांगल्या साड्यांतली एखादी तिला नेसायला हवी असेल, एखादी भावजयीला द्यावीशी वाटेल, तेही त्याच वहीत लिहा. पुढे बहीण-भावात शब्दाला शब्द लागायला नको.

वाकळ पुरी झाली की तिच्या एका कोपऱ्यात पेन्सिलीने पत्नीचं नाव लिहा आणि त्यावरूनच टाके घाला. रोजकीर्द लिहायचात त्या तुमच्या अक्षरात. लेकीने ते अक्षर लहानपणापासून पाहिलं आहे, ती ते ओळखेल.

सुई-दोरा उद्या आणा. वही आज संध्याकाळी उघडा, फोन रात्री जेवणं झाल्यावर करा, आणि बाकी काही बोलायच्या आधी ती हिरवी साडी कुठून घेतली होती ते तिला विचारा.